विश्लेषण : पडद्यावरचे प्रेम, दुसऱ्यांचे गळे आणि आडवे पडून गायलेला शेवटचा अल्बम… ‘निओ सोल’च्या मुळाशी असलेले कर्टिस मेफील्ड कोण होते?

‘लव्ह जोन्स’ हा अमेरिकी चित्रपट १९९७ मध्ये प्रदर्शित झाला. शिकागोतील एक कवी आणि एक छायाचित्रकार तरुणी यांच्या प्रेमाची ही साधी गोष्ट. चित्रपट ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्याकडेही त्याचा साउंडट्रॅक असतो. त्यात लॉरिन हिल यांच्या आवाजातील ‘द स्वीटेस्ट थिंग’ हे गाणे आहे. ‘निओ सोल’ प्रेमगीत म्हणजे काय, हे कुणाला ऐकवायचे झाले तर आजही हे गाणे लावले जाते.

पुढे दोनच वर्षांनी लॉरिन हिल यांचा आवाज आणखी एका चित्रपटाच्या साउंडट्रॅकवर आला. ‘द मॉड स्क्वॉड’मधील त्या गाण्यात त्यांच्यासोबत ५६ वर्षांचा एक गायक होता. मानेखालचे शरीर त्याला हलवता येत नव्हते. पाठीवर झोपून, एकेक ओळ गाऊन त्याने आपला अखेरचा अल्बम पूर्ण केला होता. हा गायकही शिकागोचाच होता आणि प्रेमकथांना अशी गाणी देण्याचे काम त्याने वीस वर्षांपूर्वीच करून ठेवले होते. त्याचे नाव कर्टिस मेफील्ड.

‘निओ सोल’ म्हणजे नेमके काय?

‘सोल’ हे कृष्णवर्णीय अमेरिकी चर्चसंगीतातून निघालेले आणि १९६०-७० च्या दशकांत बहरलेले गाणे. १९८० च्या दशकात यंत्रांवरचे ठोके आणि सिंथेसायझर यांनी त्याची जागा घेतली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर काही तरुण गायक पुन्हा जुन्या वाटेने गेले. डीअँजेलो यांचा ‘ब्राउन शुगर’ १९९५ मध्ये आला, मॅक्सवेल यांचा पहिला अल्बम १९९६ मध्ये आणि एरिका बाडू यांचा ‘बाडुइझम’ १९९७ मध्ये. हाताने वाजवलेला बेस, इलेक्ट्रिक पियानो, तालाच्या किंचित मागे रेंगाळणारे ड्रम आणि न ओरडता, जवळ बसून बोलल्यासारखा आवाज. संगीत व्यवसायातील केदार मॅसेनबर्ग यांनी या प्रवाहाला ‘निओ सोल’ हे नाव रूढ केले. अनेक कलाकारांना ते लेबल आवडले नाही, पण टिकले मात्र तेच.

या गायकांच्या गाण्यात पुरुषाचा आवाज अनेकदा वरच्या पट्टीत, पातळ आणि हळवा लागतो. या आवाजाला ‘फॉल्सेटो’ म्हणतात. पुरुषाने प्रेमात मोठ्याने हक्क सांगण्याऐवजी हळूच विचारावे, हा त्यातला भाव. मार्विन गे, स्मोकी रॉबिन्सन, प्रिन्स अशी या आवाजाची मोठी परंपरा आहे. मेफील्ड यांचे वेगळेपण हे की त्यांनी हा आवाज चळवळीच्या गाण्यांनाही दिला आणि प्रेमगीतांनाही, आणि दोन्हींत फारसा फरक ठेवला नाही.

सरकारी वसाहतीतला मुलगा

कर्टिस मेफील्ड यांचा जन्म ३ जून १९४२ चा, शिकागोतला. ते पाच वर्षांचे असताना वडील घर सोडून गेले. आई मॅरियन यांनी मुलांना एकटीने वाढवले. पैशांची इतकी ओढाताण की बिऱ्हाड सारखे हलत असे. पुढे कुटुंबाला कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत घर मिळाले. आईला कवितांची आवड होती. आजी अ‍ॅनी बेल धर्मोपदेशक होत्या आणि त्यांच्या चर्चमध्ये गाणे असे. तिथेच मेफील्ड आणि त्यांचे मित्र जेरी बटलर एकत्र गाऊ लागले.

एकटी आई, मुलांनी भरलेले घर, नसलेला बाप. ‘क्लॉडीन’ या चित्रपटाकडे येताना हे घर लक्षात ठेवायला हवे.

काळ्या पट्ट्यांची गिटार

मेफील्ड यांना गिटार कुणी शिकवली नाही. घरच्या पियानोवर ते फक्त काळ्या पट्ट्या वाजवत, कारण त्या कशाही दाबल्या तरी कानाला गोड लागत. हातात गिटार आली तेव्हा तिच्या तारा त्यांनी याच काळ्या पट्ट्यांवर जुळवल्या. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर काळी तीन, काळी पाच आणि काळी एक. (काळी तीनला सा धरून केवळ काळ्या पट्ट्या वाजवून पाहा, भूपाचे स्वर मिळतील. त्यामुळे मेफील्ड यांची गिटार मराठी कानाला का ओळखीची वाटते, याचे अर्धे उत्तर इथेच मिळते.)

जगभरचे गिटारवादक वेगळ्या पद्धतीने तारा जुळवतात, हे त्यांना कळेपर्यंत बोटांना सवय लागून गेली होती. त्यांनी ती बदललीच नाही. या जुळवणीत मोकळ्या तारा छेडल्या तरी एक पूर्ण कॉर्ड वाजतो. त्यामुळे हाताला जोर लागत नाही आणि गाण्याच्या ओळींमधल्या जागा छोट्या-छोट्या सुरावटींनी भरता येतात. जिमी हेंड्रिक्स यांच्या संथ गाण्यांत याच शैलीची छाया दिसते. दुसऱ्या कुणाला मेफील्ड यांची गिटार उचलून वाजवणे मात्र जवळपास अशक्यच होते.

सोळाव्या वर्षी हिट, विशीच्या आसपास मालक

शाळा अर्धवट सोडून मेफील्ड ‘द इम्प्रेशन्स’ या गायकसमूहात गेले. १९५८ मध्ये ‘फॉर युअर प्रेशस लव्ह’ गाजले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्या यशानंतर मुख्य गायक बटलर वेगळे झाले आणि समूह जवळपास मोडला. मेफील्ड बटलर यांच्याच ताफ्यात गिटार वाजवू लागले, त्यांच्यासाठी गाणी लिहू लागले. त्यातून पैसे साठवून त्यांनी ‘इम्प्रेशन्स’ पुन्हा उभी केली. १९६१ मध्ये ‘जिप्सी वुमन’ आले, त्यानंतर ‘इट्स ऑल राइट’, ‘कीप ऑन पुशिंग’, ‘पीपल गेट रेडी’. नागरी हक्कांच्या मोर्चांत ही गाणी गायली जाऊ लागली. ‘वी आर अ विनर’ काही रेडिओ केंद्रांनी वाजवायला नकार दिला.

याच काळात त्यांनी एक व्यवहारी गोष्ट केली आणि तिची चर्चा गाण्यांपेक्षा कमी होते. त्यांनी स्वतःची प्रकाशन कंपनी काढली. गाणे लिहिणारा एक, गाणारा दुसरा आणि हक्काचे पैसे तिसऱ्याच्या खिशात, अशी त्या काळची रीत होती. कृष्णवर्णीय गीतकारांना तर अनेकदा एकदाच हातावर रक्कम टेकवून वाटेला लावले जाई. मेफील्ड यांनी गाण्यांची मालकी आपल्याकडे ठेवली. १९६८ मध्ये सहकारी एडी थॉमस यांच्यासोबत ‘कर्टम’ ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली, कर्टिसमधला ‘कर्ट’ आणि थॉमसमधला ‘टॉम’. डॉनी हॅथवे यांच्यासारखा, पुढे निओ सोलवाल्यांना गुरुस्थानी असलेला संगीतकार उमेदवारीच्या काळात मेफील्ड यांच्याकडेच काम करत होता.

बॉब मार्ले यांच्या ‘वन लव्ह’वर मेफील्ड यांचेही नाव का असते, हा प्रश्न अनेकांना पडतो. मार्ले यांनी त्यात ‘पीपल गेट रेडी’चा भाग घेतला होता आणि १९७७ च्या ध्वनिमुद्रणाला श्रेय दोघांचे द्यावे लागले.

चित्रपटांकडे कसे वळले?

१९७० मध्ये मेफील्ड समूहातून बाहेर पडले. ‘कर्टिस’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम. त्यात ‘मूव्ह ऑन अप’ आहे, ज्याचा तुकडा वापरून कान्ये वेस्ट यांनी २००५ मध्ये ‘टच द स्काय’ केले. त्यातच ‘द मेकिंग्ज ऑफ यू’ हे नाजूक प्रेमगीतही आहे. व्हायोलिनचा ताफा, हार्प आणि जेमतेम कुजबुजीच्या वर राहणारा आवाज.

१९७२ मध्ये ‘सुपर फ्लाय’ आला. कोकेन विकणारा नायक, झगमगीत गाड्या, उंची कपडे. मेफील्ड यांना ही झगमग खटकली. त्यांनी गाण्यांतून व्यसनाची किंमत सांगितली. पडद्यावर एक गोष्ट चालते आणि साउंडट्रॅक तिच्याशी वाद घालतो, असे उदाहरण क्वचितच सापडेल. अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. चित्रपटापेक्षा त्याचे संगीत अधिक कमावते, याचा दाखला म्हणून तो आजही दिला जातो. हॉलीवूडची दारे उघडली ती यानंतर.

‘क्लॉडीन’ : प्रेमात सरकारी तपासनीस

‘सुपर फ्लाय’ हे मेफील्ड यांचे सर्वाधिक गाजलेले काम असले, तरी प्रेमगीतांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १९७४ चा ‘क्लॉडीन’. हार्लेममध्ये सहा मुलांना एकटी वाढवणारी, धुणीभांडी-साफसफाईची कामे करणारी स्त्री आणि कचरा उचलणारा पुरुष यांची ही प्रेमकथा. डायहान कॅरोल आणि जेम्स अर्ल जोन्स यांनी या भूमिका केल्या. कॅरोल यांना ऑस्करचे नामांकन मिळाले.

या प्रेमात खलनायक नाही, आहे तो नियम. क्लॉडीनला सरकारी मदत मिळते. घरात पुरुष आला, त्याने काही वस्तू भेट दिली, की ती मदत कापली जाऊ शकते. बाईंचे कामही लपूनछपून. म्हणून तपासनीस दार वाजवते तेव्हा घरातली उपकरणे लपवायची आणि प्रियकरालाही लपवायचे. लग्न केले तर मुलांच्या तोंडचा घास जाण्याची भीती, न करावे तर रोजची चोरी. प्रेम करावे की नाही याचा हिशेब इथे शब्दशः कागदावर मांडावा लागतो.

मेफील्ड यांनी या चित्रपटाची गाणी लिहिली, पण गायली नाहीत. ती त्यांनी ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स यांना दिली. ‘मिस्टर वेल्फेअर मॅन’ हे गाणे थेट त्या तपासनीसाला उद्देशून आहे, तेही बाईच्या तोंडी. ‘ऑन अँड ऑन’ अमेरिकेच्या पहिल्या पाच गाण्यांत पोहोचले. आणि ‘द मेकिंग्ज ऑफ यू’ त्यांनी पुन्हा वापरले. १९७० मध्ये हे एका पुरुषाचे हळवे गाणे होते. ग्लॅडिस यांच्या आवाजात तेच गाणे दिवसभर राबून आलेल्या बाईचे झाले. ज्या घरात भीतीने दार उघडले जाते, तिथे तीन मिनिटांची उसंत एवढाच त्याचा अर्थ उरतो, आणि तो मूळ गाण्यापेक्षा मोठा आहे.

स्वतःचा आवाज गाजत असताना आपले गाणे दुसऱ्याच्या हवाली करणे सोपे नसते. मेफील्ड यांनी ते पुन्हा-पुन्हा केले. १९७५ मध्ये ‘लेट्स डू इट अगेन’चे शीर्षकगीत त्यांनी स्टेपल सिंगर्स या चर्चसंगीतातून आलेल्या कुटुंबाला दिले. गाण्यातला शृंगार पाहून कुटुंबप्रमुख पॉप्स स्टेपल्स आधी कचरले होते. गाणे देशात पहिल्या क्रमांकावर गेले.

‘स्पार्कल’ आणि अरीथा फ्रँकलिन

१९७६ चा ‘स्पार्कल’ ही १९५० च्या दशकाच्या अखेरच्या हार्लेममधील तीन गायक बहिणींची कथा. आयरीन कारा, लोनेट मॅकी आणि ड्वान स्मिथ यांनी त्या भूमिका केल्या. पडद्यावर त्याच अभिनेत्रींचे आवाज आहेत. दुकानांत आलेल्या अल्बमवर मात्र अरीथा फ्रँकलिन आहेत. मेफील्ड यांनी आधी मुद्रित केलेल्या वाद्यांच्या ट्रॅकवरच त्या नव्याने गायल्या.

‘सोलची राणी’ म्हणवल्या जाणाऱ्या अरीथा यांचा तो काळ उतरता होता. त्यांचे नाव मोठे, पण नवी गाणी चालत नव्हती. ‘समथिंग ही कॅन फील’ने कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आर अँड बी यादीत पहिला क्रमांक मिळवला. हे गाणे संथ आहे, मादक आहे, आणि तरी त्यात एक मर्यादा आहे. अरीथा यांचा गळा छप्पर उडवू शकणारा. मेफील्ड यांनी त्यांच्यासाठी जागा अशा ठेवल्या की त्या गळ्याला थांबावे लागते, आणि त्या थांबण्यातच गाण्याची जादू आहे. लॉरिन हिल किंवा एरिका बाडू यांच्या प्रेमगीतांतली ती मागे रेंगाळणारी चाल शोधायची तर या अल्बमपाशी थांबावे. १९९२ मध्ये एन व्होग या चौकडीने हेच गाणे पुन्हा गायले आणि त्यांनीही आर अँड बी यादीत पहिला क्रमांक गाठला.

घरातले मेफील्ड

सुखी संसाराची गाणी लिहिणाऱ्या मेफील्ड यांचा स्वतःचा संसार सरळ नव्हता. त्यांना दहा मुले झाली. मुलगा टॉड यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात वडिलांचे कामाचे वेड, सगळे आपल्या ताब्यात ठेवण्याचा हट्ट, एकदम बदलणारा मूड आणि जवळच्या स्त्रियांशी बिघडत गेलेली नाती झाकून ठेवलेली नाहीत. जो मुलगा बापाविना वाढला, तो पुढे अनेकदा घराबाहेरच राहिला. गाण्यांतला समजूतदार पुरुष आणि घरातला पुरुष यांना एकच मानण्याची गरज नाही. ‘क्लॉडीन’ची गाणी त्यामुळे खोटी ठरत नाहीत. त्या घराची उणीव त्यांना आतून माहीत होती, एवढे मात्र खरे.

डिस्कोच्या लाटेत त्यांचे संगीत मागे पडले. ‘कर्टम’ बंद झाली. १९८० च्या सुमारास ते शिकागो सोडून अटलांटाला गेले.

१३ ऑगस्ट १९९० रोजी काय घडले?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात विंगेट फील्ड मैदानावर खुला कार्यक्रम होता. मेफील्ड गिटार घेऊन मंचावर आले. त्यांनी गायला सुरुवात करण्यापूर्वीच वाऱ्याच्या जोरदार झोताने दिव्यांचा मनोरा कोसळला आणि त्यांच्यावर पडला. मानेजवळ मणक्याला इजा झाली. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. त्या दिवसानंतर ते चालू शकले नाहीत. काळ्या पट्ट्यांवर जुळवलेली गिटार कायमची हातातून गेली.

आडवे पडून गाणे कसे शक्य झाले?

यामागे शरीराचे साधे यंत्रशास्त्र आहे. श्वास घेताना बरगड्यांमधले स्नायू, पोटाचे स्नायू आणि छातीच्या तळाशी असलेले श्वासपटल एकत्र काम करतात. मणक्याला मानेजवळ इजा झाली की पहिले दोन गट निकामी होतात आणि बहुतेक भार एकट्या श्वासपटलावर येतो. अशा रुग्णाला बसवले की पोटातील अवयव खाली ओघळतात, पटल आधीच सपाट होते आणि त्याला हलायला जागा उरत नाही. पाठीवर झोपवले की तेच अवयव पटलाला वर ढकलतात, ते घुमटासारखे उंचावते आणि खाली येताना जास्त हवा ओढते. निरोगी माणसाला बसून श्वास घेणे सोपे जाते, या रुग्णांना झोपून.

मेफील्ड यांनी हेच केले. स्टुडिओत ते आडवे पडून गायचे. एका श्वासात एखादी ओळ, की थांबणे. मग पुढची ओळ. नंतर हे तुकडे जोडून सलग गाणे तयार व्हायचे. हात नसल्याने चाल वाजवून दाखवण्याची सोय नव्हती, जे काही सांगायचे ते तोंडाने. असा ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ हा अल्बम १९९६ मध्ये बाहेर पडला. त्यात अटलांटाच्या ऑर्गनाइज्ड नॉइज या तरुण निर्मात्यांचे काम आहे. अरीथा फ्रँकलिन आणि मेविस स्टेपल्स यांनीही हजेरी लावली. १९७० मधले ‘वी पीपल हू आर डार्कर दॅन ब्लू’ मेफील्ड यांनी पुन्हा गायले. मूळ गाण्याशेजारी ठेवून ऐकले की आवाज खाली आलेला आणि ओळी तुटक झालेल्या जाणवतात. पण जो माणूस आयुष्यभर गळा न ताणता गायला, त्याच्याकडे अखेरीस तेवढाच श्वास उरला आणि तो पुरला.

हा अल्बम ‘ब्राउन शुगर’नंतर वर्षभराने आणि ‘लव्ह जोन्स’च्या आदल्या वर्षी आला. म्हणजे निओ सोलची पहिली पिढी रेकॉर्ड काढत होती, तेव्हा तिचा पूर्वज त्याच दुकानात, नव्या मालाच्या फळीवर होता. लॉरिन हिल यांच्यासोबतचे गाणे याच अल्बममधील ‘हिअर बट आय अ‍ॅम गॉन’चा दुसरा अवतार आहे.

उधार दिलेली गाणी परत आली

१९९४ मध्ये मेफील्ड यांच्या गौरवार्थ एक अल्बम निघाला. एरिक क्लॅप्टन, ब्रूस स्प्रिंगस्टीन असे रॉकमधले मोठे त्यात आहेत. पण पाहण्याजोगी गंमत दुसरीच आहे. ‘क्लॉडीन’मध्ये ग्लॅडिस नाइट यांनी गायलेले ‘द मेकिंग्ज ऑफ यू’ इथे अरीथा गातात आणि अरीथा यांचे ‘स्पार्कल’मधले ‘लुक इन्टू युअर हार्ट’ व्हिटनी ह्यूस्टन गातात. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या गळ्यात घातलेली गाणी आता एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात फिरत होती.

मधुमेहामुळे १९९८ मध्ये मेफील्ड यांचा पाय कापावा लागला. १९९९ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने त्यांना एकल कलाकार म्हणून स्थान दिले, तेव्हा सोहळ्याला जाण्याइतकी प्रकृती राहिली नव्हती. त्याच वर्षी २६ डिसेंबरला जॉर्जिया राज्यातील रोझवेल येथे ५७व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

‘स्पार्कल’ २०१२ मध्ये नव्याने बनला. व्हिटनी ह्यूस्टन त्याच्या निर्मितीत होत्या आणि तीन बहिणींच्या आईची भूमिकाही त्यांनी केली. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला, प्रदर्शित होण्याच्या काही महिने आधीच त्या गेल्या. चित्रपटात नवी गाणी आहेत. पण तिन्ही बहिणी मंचावर उभ्या राहतात, तेव्हा बॅन्ड सुरू करतो ते ‘समथिंग ही कॅन फील’.